सोरायसिसची सुई आणि बालकांची संमति

नेवासें तालुक्यांतील घोडेगांवचें नांव उच्चारलें कीं नगर जिल्ह्यांतील माणसाला प्रथम जनावरांचा बाजार आठवतो. नगरहून औरंगाबादेकडे, म्हणजे आतांच्या नांवांनीं अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. बाजारांत म्हैस पाहणारा शेतकरी तिचे दांत पाहतो, कास पाहतो आणि मग कातडीवरून हात फिरवितो. चट्टा दिसला कीं भाव उतरतो. माणसांच्या बाबतींत आपली दृष्टि याहून फारशी उदार आहे, असें म्हणवत नाहीं. दहा वर्षांच्या मुलाच्या कोपरावर, गुडघ्यावर किंवा केसांच्या मुळाशीं लाल, जाड, रुपेरी पापुद्र्यांचे चट्टे उठले कीं वर्गांतील शेजारचा मुलगा बाक बदलतो. मुलगी असेल तर आईबापांना तिच्या लग्नाची काळजी त्याच दिवसापासून लागते. कोणी त्याला नायटा म्हणतो, कोणी गजकर्ण, आणि कोणी आवाज खालीं करून महारोग.

या रोगाला वैद्यकांत सोरायसिस म्हणतात. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. शरीराच्या संरक्षणासाठीं असलेली यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते, आणि ज्या पेशींनीं महिन्याभरांत पिकून गळावयाचें, त्या चार-पांच दिवसांतच पृष्ठभागावर येऊन साचतात. सुमारें एक-तृतीयांश रोग्यांत तो वयाच्या विसाव्या वर्षापूर्वींच दिसूं लागतो. महारोगाशीं त्याची गल्लत केवळ आपल्याच खेड्यांतून झाली असें नव्हे. लंडनच्या रॉबर्ट विलन यानें १८०८ च्या सुमारास त्याचें स्पष्ट वर्णन केलें, तरी त्याच्या नांवांत महारोगाचा वाचक शब्द राहूं दिला. व्हिएन्नाच्या हेब्रानें १८४१ मध्यें तो शब्द काढून टाकला, तेव्हां कोठें दोन रोग शास्त्रानें वेगळे झाले. लोकांच्या मनांत ते अद्यापि पुरते वेगळे झालेले नाहींत. आपल्याच जिल्ह्यांत जामखेड येथें १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें कुष्ठरोग्यांना निराळें न काढतां इतर रोग्यांबरोबरच उपचार देण्याचें जें काम केलें, त्याचें मोल अशा वेळीं कळतें.

आतां औषधाकडे वळूं. या रोगावरील आधुनिक उपचाराचा एक धागा आपल्या कोंकण किनाऱ्यावरून गेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गोवा पावडर या नांवाचें एक पिवळट तपकिरी चूर्ण एकोणिसाव्या शतकांत गोव्यांत व मुंबईंत गजकर्णावर विकलें जाई. तें येतें कोठून, हें विकणारे सांगत नसत. मुंबईचे औषधविक्रेते केंप यांनीं १८६४ मध्यें त्याविषयीं लिहिलें. पुढें १८७५ मध्यें ब्राझीलमधील बाहियाचे डॉ. दा सिल्व्हा लिमा यांनीं दाखवून दिलें कीं, हें तर आमच्याकडील अरारोबा वृक्षाच्या खोडांतील चूर्ण होय. एका पोर्तुगीज वसाहतींतून दुसऱ्या पोर्तुगीज वसाहतींत तें समुद्रमार्गें आलें होतें, आणि येतांना आपलें मूळ गांव विसरलें होतें! १८७६ च्या सुमारास लंडनच्या बालमॅनो स्क्वायर यानें तेंच सोरायसिसवर वापरून गुण पाहिला. पहिल्या महायुद्धांत मूळ द्रव्याचा पुरवठा तुटला, तेव्हां जर्मनांनीं त्याच्या धर्तीवर कृत्रिम औषध बनविलें. १९१६ पासून रूढ झालेलें तें डिथ्रॅनॉल मलमाच्या रूपानें पुढें कित्येक दशकें वापरांत राहिलें. या साऱ्या प्रवासांत पद्धतशीर परीक्षा अशी कोठेंच नव्हती. लावून पाहिलें, गुण आला, पुढें चाललें. मलम बाहेरून लावावयाचें असल्यानें चूक झाली तर कातडी भाजे आणि कपडे डागाळत, इतक्यावरच निभावे.

सुईनें पोटांत किंवा दंडांत घालावयाच्या औषधाचें तसें नाहीं. तें एकदां आंत गेलें कीं परत काढतां येत नाहीं. भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत अमिनोप्टेरिन नांवाचें द्रव्य तयार झालें. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं तें रक्ताच्या कर्करोगानें मरणोन्मुख झालेल्या १६ बालकांना टोंचलें, आणि १० जणांत तात्पुरती का होईना सुधारणा झाल्याचें १९४८ मध्यें प्रसिद्ध केलें. १९५१ मध्यें गुब्नर व त्यांचे सहकारी हेंच औषध सांधेदुखीवर अजमावीत असतां, एकाच वेळीं सोरायसिसहि असलेल्या रोग्यांची कातडी स्वच्छ झालेली त्यांना दिसली. त्याचें सौम्य भावंड मेथोट्रेक्सेट अमेरिकेंत १९७२ मध्यें सोरायसिससाठीं मान्य झालें. पण तें प्रौढांसाठीं. मुलांनाहि तें दिलें जाऊं लागलें व आजहि दिलें जातें. आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें हें औषध चुकून रोज घेतल्यास जीवावर बेततें, एवढी सूचना येथें जातां जातां करून ठेवतों.

मुलांना देतां तर मुलांवर परीक्षा कां केली नाहीं, हा प्रश्न येथें उभा राहतो. उत्तर असें कीं, लहानांवर प्रयोग करणें निर्दयपणाचें, अशी सज्जन माणसांची समजूत होती. आणि ती निष्कारण नव्हती. १४ जून १८०२ या दिवशीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोंचण्यांत आल्या. बगदाद-बसऱ्यामार्गें आलेली ती लस हिंदुस्थानांत प्रथम तिच्याच दंडावर फळली. तिच्या फोडांतील लस काढून इतर मुलांना, त्यांच्या दंडांवरून आणखी मुलांना, अशा रीतीनें ती पुण्यास, सुरतेस, हैदराबादेस, मद्रासेस पोंचली. त्या लशीनें अगणित जीव वांचविले. परंतु दंडावरून दंडावर लस नेणाऱ्या त्या साखळींतील मुलें हीं एका अर्थीं औषधाचीं भांडींच होतीं, आणि भांड्याला कोणी विचारीत नसतो.

उलट बाजूहि तितकीच कठोर आहे. १९५९ मध्यें असें उघड झालें कीं, क्लोरँफेनिकॉल हें प्रौढांना गुणकारी असलेलें औषध वजनाच्या प्रमाणांत कमी करून नवजात अर्भकांना दिलें, तरी तीं राखी पडून दगावत. कारण तें पचविण्याइतकें त्यांचें यकृत पक्व झालेलें नसतें. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. हॅरी शर्की या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६८ मध्यें अशा बालकांना उपचाराच्या बाबतींत अनाथ झालेलीं मुलें म्हटलें. त्यांवर परीक्षा न केल्यानें परीक्षा टळत नाहीं, ती फक्त एकेका दवाखान्यांत एकेका मुलावर नोंदीवांचून होत राहते. मला वाटतें, या सबंध इतिहासांतील मर्माची गोष्ट हीच आहे. अमेरिकेनें २००३ मध्यें व युरोपनें २००७ पासून नव्या औषधांची मुलांवरहि रीतसर परीक्षा व्हावी असे कायदे लागू केले, ते यामुळेंच.

सोरायसिसच्या बाबतींत अशी पहिली मोठी परीक्षा एटानरसेप्ट या टोंचावयाच्या जैविक औषधाची झाली. तिचा वृत्तांत २००८ मध्यें ॲमी पॅलर व सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. अमेरिका व कॅनडा येथील ४२ केंद्रांत ४ ते १७ वर्षांचीं २११ मुलें घेतलीं. पहिले १२ आठवडे कांहींना खरी सुई व कांहींना औषधहीन सुई दिली; कोणती कोणाला, हें मुलालाहि ठाऊक नाहीं आणि डॉक्टरलाहि नाहीं. खऱ्या सुईच्या मुलांपैकीं शेंकडा ५७ जणांत रोग किमान पाऊण हिश्श्यानें ओसरला. औषधहीन सुईच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा ११ होतें. त्यानंतर २४ आठवडे सर्वांनाच खरें औषध मिळालें. मग छत्तिसाव्या आठवड्यास १३८ मुलांत पुन्हां चिठ्ठी टाकून निम्म्यांचें औषध गुपचूप बंद केलें, आणि त्या ६९ पैकीं २९ जणांत मिळालेला गुण नाहींसा झाला.

बऱ्या झालेल्या मुलाचें औषध काढून घेणें हें ऐकतांना कानाला बोंचतें. परंतु आयुष्यभर सुई टोंचावी लागेल कीं मध्येंच थांबतां येईल, याचें उत्तर दुसऱ्या मार्गानें मिळत नव्हतें. आणि चट्टे परतलेल्यांना पुन्हां औषध देण्याची तरतूद आरंभींच केलेली होती. युरोपनें हें औषध मुलांसाठीं २००८ मध्येंच मान्य केलें. अमेरिकेनें दीर्घ मुदतीची पाहणी हातीं येईपर्यंत वाट पाहून नोव्हेंबर २०१६ मध्यें तें मान्य केलें. आठ वर्षांचा हा फरक म्हणजे एका मुलाचें सबंध शालेय वय! पुढील औषधांनीं पायरी पायरीनें जाण्याचा मार्ग धरला. उस्टेकिनुमॅबची परीक्षा आधीं १२ ते १७ वर्षांच्या ११० मुलांवर व त्यानंतर ६ ते ११ वर्षांच्या ४४ मुलांवर झाली.

संमतीचा प्रश्न आपल्या देशांत कसा चिघळतो, हें २००९-१० मध्यें दिसलें. आंध्रांतील खम्मम व गुजरातेंतील वडोदरा या जिल्ह्यांत सुमारें २४ हजार किशोरींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोंचण्याची एक योजना झाली. कांहीं मुलींचे मृत्यु झाले, आणि एप्रिल २०१० मध्यें योजना थांबविण्यांत आली. चौकशींत मृत्यूंचा संबंध लशीशीं जुळला नाहीं. पण संमतीच्या कागदांवर कित्येक ठिकाणीं आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या, आणि २०१३ मध्यें संसदेच्या समितीनें त्यावर कडक ताशेरे ओढले. आज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें आईबापांची सही तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी व १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी मान्यता घ्यावी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणें नव्या रसायनाच्या परीक्षेंत दुर्बल गटांतील व्यक्तींच्या संमतीचें चित्रमुद्रण करावें लागतें. कुष्ठरोगाच्या औषधांपुरतें मात्र केवळ ध्वनिमुद्रण पुरे होतें. त्या रोग्याचा चेहरा कोठें नोंदला जाऊं नये, ही त्यामागील जाणीव उघड आहे. सोरायसिसच्या मुलाला ही सवलत नाहीं.

आणि त्या ४२ केंद्रांतील मुलांत व आपल्याकडील मुलांत एक भेद राहतोच. एटानरसेप्ट ज्या वर्गांतील आहे, त्या वर्गाचीं औषधें शरीरांत दबून बसलेला क्षय जागा करूं शकतात. इन्फ्लिक्सिमॅब या त्यांतीलच औषधानंतर क्षय झालेल्या ७० रोग्यांची नोंद २००१ मध्येंच झाली होती. आपल्या भागांत असा दबलेला क्षय कितीतरी अधिक घरांत असतो. म्हणून येथें पहिली सुई देण्यापूर्वीं छातीचें क्ष-किरण चित्र आणि क्षयाची चांचणी यांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं, आणि घरांत कोणी खोकणारें आहे काय हेंहि विचारावें लागतें. शिवाय हीं औषधें २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावयाचीं असतात. वैशाखांत शहरांतील दुकानांतून घोडेगांवापर्यंत सुई आणावयाची तर ती बर्फाच्या डब्यांतूनच यावी लागते, आणि घरांत शीतपेटी आहे काय व वीज किती तास असते, याची चौकशी डॉक्टरांना औषध लिहून देण्याआधींच करावी लागते.