नशेचं इंजेक्शन आणि एचआयव्ही : धोका कसा, सरकारी सोय कुठं, कायदा काय म्हणतो

धाराशिव : फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी तुळजापूरकडे येणारं एमडी पकडलं आणि जिल्हा खडबडून जागा झाला. तपास पुढं सरकला तशी आरोपींची यादी तीसच्या वर गेली. चर्चा झाली ती पकडापकडीची आणि राजकारणाची. नशेत अडकलेल्या पोरांच्या तब्येतीचा विषय मागंच राहिला. त्यातही सुईतून पसरणाऱ्या एचआयव्हीबद्दल गावाकडं फारसं कुणी बोलत नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. बहुतेक जण ही पावडर नाकानं ओढतात, पण ती पाण्यात विरघळते आणि काही जण शिरेतून घेतात. दुसरा प्रकार मेडिकलमधल्या औषधांचा. मेफेंटरमाईन हे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर डॉक्टरांनी द्यायचं इंजेक्शन. जिममध्ये दम वाढतो म्हणून पोरं ते टोचून घेतात. पुणे, सांगली भागात पोलिसांनी याच्या बाटल्या पकडल्या आहेत. एका बाटलीत अनेक डोस असतात, म्हणून चौघं मिळून एक बाटली आणतात. सुई एकच असेल तर धोका उघडच आहे. पण प्रत्येकाची सुई वेगळी असली तरी वापरलेली सुई पुन्हा बाटलीत घातली की बाटलीच दूषित होते. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

शिरेत सुई गेली की थोडं रक्त सिरिंजमध्ये येतं. त्या रक्तात विषाणू काही दिवस, कधी काही आठवडेही जिवंत राहू शकतो. नुसत्या पाण्यानं सिरिंज खंगाळून तो मरत नाही. कावीळ बी आणि सी याच वाटेनं जातात, आणि कावीळ सी तर एचआयव्हीपेक्षाही सहज लागते.

आकडे बघितले तर फरक कळतो. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शननं नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १०० मागे सुमारे ९ होतं. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते हजारामागे दोनच्या आसपास आहे.

हे रोखायची पद्धत देशात नवीन नाही. मणिपूरमध्ये १९९० च्या सुमारास हेरॉईन टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्ही झपाट्यानं पसरला. मुंबईत ब्राऊन शुगरवाल्यांमध्ये संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था नव्वदच्या दशकापासून काम करतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको अशा संस्थांमार्फत नवी सुई-सिरिंज देते, वापरलेली परत घेते, जखमांवर मलमपट्टी करते आणि तपासणीला नेते. वस्तीत फिरणारे कार्यकर्ते बरेचदा स्वतः नशेतून बाहेर पडलेले असतात. त्यांच्याशी पोरं खरं बोलतात, साहेबाशी बोलत नाहीत.

'सुया फुकट वाटणं म्हणजे नशेला खतपाणी' असा आक्षेप गावात हमखास येतो. तो समजण्यासारखा आहे, पण बरोबर नाही. सुया दिल्यानं नशा करणारे वाढतात असं जगभरातल्या अभ्यासांत दिसलेलं नाही, एचआयव्ही कमी होतो हे दिसलं आहे. शिवाय सुई घ्यायला आलेला माणूस उपचाराच्या दारापर्यंत आलेला असतो.

हेरॉईन किंवा तत्सम अफूवर्गीय नशेसाठी बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून जिभेखाली ठेवायला देतात. याला ओएसटी म्हणतात. तलफ आणि अंगदुखी थांबते, सुईची गरज उरत नाही, माणूस कामाला जाऊ लागतो. एमडी किंवा मेफेंटरमाईनवर मात्र ही गोळी चालत नाही. तिथं समुपदेशन आणि मानसोपचार हाच मार्ग.

पोलिसांची भीती हा सगळ्यात मोठा अडथळा. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुया देणं-घेणं किंवा ओएसटी हा त्याच्या कलम २२ नुसार गुन्हा नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेली तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही.

सुई वाटून घेतली असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावं. २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात. जितकं लवकर तितकं चांगलं. चाचणी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण सुरुवातीला संसर्ग सापडत नाही. पॉझिटिव्ह आल्यास एआरटी औषधं मोफत मिळतात आणि ती नियमित घेतली तर माणूस सर्वसाधारण आयुष्य जगतो. कावीळ सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची बरी होते, तेही राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत. कावीळ बी ची लस आहे.

घरच्यांनी खिशात सिरिंज सापडली म्हणून पोराला कोंडून घालू नये. नशेच्या मदतीसाठी १४४४६, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हे टोल फ्री क्रमांक आहेत. वापरलेली सुई शेतात किंवा उकिरड्यावर फेकू नये, खुरपणाऱ्या बायांच्या हाताला लागते. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून झाकण लावावं आणि डबा दवाखान्यात द्यावा.