मृगया, पारध आणि शिकार : एक शब्दैतिहासिक टिपण

मृगया, पारध आणि शिकार हे तीन शब्द मराठीत सामान्यतः पर्यायवाचक मानले जातात. कोशापुरते ते मान्य करता येईल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ह्या शब्दांमागे तीन निरनिराळे समाज उभे आहेत, आणि वन्य प्राण्यांविषयीचे कायदे समजून घ्यावयाचे तर हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

'मृगया' हा राजाचा विनोद होय. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त तिची गणना राजाच्या करमणुकींतच केलेली आहे. 'पारध' हा शब्द प्राकृत 'पारद्धि'पासून आला. तो लोकांत राहिला आणि 'पारधी' ह्या रूपाने एका जमातीचे नाव होऊन बसला. तिच्या साधनांची नावेही तशीच जुनी : संस्कृत 'वागुरा' मराठीत 'वाघूर' झाली, आणि 'फास' तर 'फासेपारधी' ह्या नावातच शिरला. 'शिकार' हा फारसी शब्द राज्यव्यवस्थेबरोबर रुळला. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखान्याची गणना होते. पेशव्यांच्या पुण्यातील शिकारखान्यात जिवंत श्वापदे पाळली जात, आणि तेथील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट ह्याने १७९० च्या सुमारास काढले.

इंग्रजी अंमलात ह्या शब्दांमधील अंतर कायद्याचे झाले. १८८७ चा पक्षिसंरक्षणाचा कायदा प्रथम लागू झाला तो रानात नव्हे, तर नगरपालिका व छावणी यांच्या हद्दीत. विणीच्या हंगामात मारलेले वा धरलेले पक्षी बाळगणे व विकणे ह्यांवर तेथे निर्बंध घालता येत. म्हणजे कायद्याची पहिली गाठ पडली ती पाखरे विकून पोट भरणाऱ्याशी. १९१२ च्या कायद्याने बंद हंगामाचे तत्त्व विस्तारले. त्याच सुमारास, १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर हजेरीचे जोखड घालण्याची सोय झाली. बंदुकीचा परवाना बाळगणारा तो 'शिकारी' ठरला. फास मांडणारा मात्र संशयित.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने आरंभी विशेष, मोठ्या व लहान शिकारीचे तीन परवाने आणि सापळ्याने प्राणी धरण्याचा चौथा परवाना अशी व्यवस्था ठेवली होती. परंतु 'शिकार' ह्या संज्ञेच्या व्याख्येत मारणे, धरणे, फास वा सापळा लावणे, हाकणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे, हे सारे समाविष्ट झाले. पारध शिकारीच्या पोटात गेली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही पद्धतच संपली. आज अपवाद उरतात ते माणसाच्या जीविताला धोका वा पिकांची हानी अशा कारणांसाठी अधिकाऱ्याच्या आदेशाने होणाऱ्या कारवाईचे.

ही बंदी अनावश्यक होती असे कोणी म्हणू नये. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ताडोबात १९३५ साली शिकार बंद झाली, आणि कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या राखीव रानात १९५८ साली दाजीपूरचे गवा अभयारण्य झाले. ह्या निर्णयांमुळेच तेथील रान आज भरलेले दिसते. तथापि एका व्याख्येने दोघांना बांधले तरी दोघांचे नुकसान सारखे नव्हते. परवानाधारकाचा विनोद गेला, पारध्याची उपजीविका गेली.

तिच्याबरोबर एक ज्ञानही जात आहे. कोणत्या ऋतूत कोणते पाखरू कोठे उतरते, माग ताजा की शिळा, हे त्या बोलींतील शब्दांत साठविलेले आहे. मारुती चितमपल्ली ह्यांनी आदिवासी व पारधी यांच्याकडून अशी शब्दसंपदा टिपून मराठीत आणली, हे त्यांचे मोठे कार्य होय. 'सावज' ह्या शब्दाचा संबंध व्युत्पत्तिकार 'श्वापदा'शी जोडतात. मूळचे जनावर मराठीत मारावयाचे लक्ष्य झाले. 'वन्यजीव' ह्या नव्या शब्दाने त्याला शिकाऱ्याच्या दृष्टीतून सोडविले, हे इष्टच झाले. परंतु ज्याने त्या जनावराला प्रथम नीट पाहिले, त्याची भाषा नोंदविल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. आणि हे काम बोलींच्या अभ्यासकांनी आता हाती घेतले पाहिजे.