पहिलीच्या आधीचा वर्ग : बालवाडीसाठी पैसा येतो कोठून?

वर्धा - जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल पहिलीला येते ते सहाव्या वर्षी. कॉन्व्हेंटची गाडी मात्र त्याला तिसऱ्या वर्षीच न्यायला गावात येते. केजी-वन, केजी-टू तेथे केलेले मूल पहिलीसाठी गावच्या शाळेत परत येणे कठीण असते. संचमान्यतेत शिक्षकांची पदे ठरतात ती पहिलीपासूनच्या पटावर. त्यामुळे पहिलीच्या आधीच्या वर्गाचा प्रश्न आता शाळेच्या अस्तित्वाशी जोडला गेला आहे. शाळेला जोडून बालवाडी सुरू करायची, तर तिचा खर्च कोणी करायचा?

वारसा सेवाग्रामचा

हा विचार वर्ध्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम'चा आराखडा पुढे आला. प्रारंभी त्याचा भर सात ते चौदा या वयोगटावर होता. १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत त्याचा विस्तार होऊन सात वर्षांखालील मुलांसाठी 'पूर्व बुनियादी' हा स्वतंत्र टप्पा मान्य करण्यात आला. सेवाग्राममध्ये शांता नारुलकर यांनी हे काम उभे केले. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. 'अंगणवाडी' ही कल्पना याच प्रयोगातून रुजली.

कायद्यातील पळवाट

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वयोगटाला लागू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल', एवढेच या कायद्याचे अकरावे कलम म्हणते. बंधन नसल्याने या वर्गासाठी हक्काचा निधी नाही. जो येतो तो योजनांतून.

निधीच्या दोन वाटा

पहिली वाट महिला व बालविकास खात्याची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीचे मानधन, पोषण आहार व साहित्य यांचा खर्च भागतो. ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, असा निकष आहे. शाळेत रिकामी खोली असल्यास अंगणवाडी तेथे हलविता येते.

दुसरी वाट शिक्षण खात्याची. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा अभियानात पूर्वप्राथमिकचा समावेश झाला. २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्याच्या निकषांत शासकीय शाळेतील पूर्वप्राथमिक वर्गासाठी मनुष्यबळासह वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत, बालस्नेही फर्निचर व खेळसाहित्यासाठी एकदाच एक लाख रुपयांपर्यंत आणि शैक्षणिक साहित्यासाठी प्रतिबालक वार्षिक ५०० रुपयांपर्यंत तरतूद होती. या खर्चात केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असा होता. २०२१ मध्ये शालेय पोषण आहार योजनेची व्याप्तीही शासकीय व अनुदानित शाळांतील बालवाटिकेपर्यंत वाढविण्यात आली.

निकष म्हणजे मंजुरी नव्हे

'पर्यंत' हा शब्द येथे महत्त्वाचा. शाळेची मागणी केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजनेत यावी लागते. तेथून ती मुंबईतील महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि शेवटी दिल्लीतील प्रकल्प मान्यता मंडळापुढे जाते. आराखड्यात शाळेचे नावच नसेल, तर निकष कितीही उदार असले तरी उपयोग नाही. त्यासाठी तीन ते सहा वयाच्या मुलांची गावनिहाय यादी, वर्गखोलीची स्थिती व जवळच्या अंगणवाडीचे अंतर, ही माहिती व्यवस्थापन समितीने आधीच तयार ठेवणे हिताचे ठरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये स्वतंत्र अंगणवाडी, शाळेच्या आवारातील अंगणवाडी, शाळेतील पूर्वप्राथमिक वर्ग व स्वतंत्र पूर्वप्राथमिक शाळा, असे चार पर्याय दिले आहेत. गावात अंगणवाडी चांगली चालत असेल, तर शेजारी दुसरा वर्ग काढल्याने तीच मुले दोन हजेरीपटांवर विभागली जातील. अशा ठिकाणी अंगणवाडी शाळेच्या आवारात आणणे कमी खर्चाचे. अंगणवाडी दूर असेल किंवा खोली अपुरी पडत असेल, तेथे शाळेतील नव्या वर्गाची मागणी अधिक सबळ ठरते.