हबर्ड ब्रुक प्रायोगिक वन

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील समशीतोष्ण पानझडी वन. शुगर मेपल, बीच व पिवळा बर्च हे येथील प्रमुख वृक्ष. जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोरमन व सहकाऱ्यांनी १९६३ पासून येथे पोषकद्रव्यांचा जमाखर्च मांडला. पावसातून काय आले हे पर्जन्यमापकांनी, तर ओढ्यातून काय गेले हे बंधाऱ्याच्या व्ही-आकाराच्या खाचेपाशी मोजले जाते. १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातील सगळी झाडे तोडून तिथेच पडू दिली आणि नवी वाढ तणनाशकाने रोखली. प्रयोग निष्ठुर खरा, पण निकाल लख्ख होता. पाला कुजून सुटणारे नायट्रोजन शोषायला मुळेच उरली नव्हती. जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले आणि ते कॅल्शियमला सोबत घेऊन वाहून गेले. आम्लवर्षेने हिरावलेले कॅल्शियम १९९९ मध्ये दुसऱ्या पाणलोटात हेलिकॉप्टरने टाकले. मेपल सुधारले, मात्र पालापाचोळ्याच्या थरातील कार्बन घटला.