ग्रीक महाकाव्यांतील वीरकल्पना व कथन

प्राचीन ग्रीक आर्ष महाकाव्यांत वीराची कल्पना आणि वीराची कथा सांगण्याची कला ह्या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. वीर मर्त्य असतो. त्याची कीर्ती मात्र गायकाच्या मुखाने उरते. होमरच्या नावावर असलेली इलिअड (सु. १५,७०० ओळी) व ओडिसी (सु. १२,१०० ओळी) ही महाकाव्ये ह्या श्रद्धेवर उभी आहेत, तथापि अशा कीर्तीसाठी काय गमवावे लागते, हा प्रश्नही त्यांनीच उपस्थित केला आहे. त्यांचा रचनाकाल सामान्यतः इ. स. पू. आठवे शतक किंवा सातव्या शतकाचा पूर्वार्ध असा मानला जातो. दोन्ही काव्ये हेक्झॅमीटर ह्या सहा गणांच्या वृत्तात असून त्यांची प्रत्येकी २४ सर्गांत झालेली विभागणी उत्तरकालीन आहे.

वीरकल्पना : होमरचा वीर हा सद्‌गुणांचा आदर्श पुतळा नव्हे. समाजाकडून मिळणारा सन्मान (टिमी) आणि त्या सन्मानाचे दृश्य चिन्ह असलेला लुटीतील विशेष वाटा (गेरास) ह्यांवर त्याची प्रतिष्ठा ठरते. अ‍ॅगमेम्नॉन हा अकिलीझच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस हिरावून घेतो. त्यामुळे अकिलीझचा क्रोध भडकतो आणि तो युद्धातून अंग काढून घेतो. जिच्या मनाचा विचार कोणीच करीत नाही, अशी ही बंदिवान स्त्री त्या प्रतिष्ठेची खूण ठरावी, ह्यावरून ह्या मूल्यव्यवस्थेची कठोरताही लक्षात येते.

सन्मानापलीकडचे वीराचे ध्येय म्हणजे ‘क्लेऑस’ होय. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘जे ऐकले जाते ते’ असा असून तो संस्कृतातील ‘श्रवस्’ ह्या शब्दाचा सगोत्र आहे. ‘अक्षय कीर्ती’ ह्या अर्थाचा होमरचा शब्दप्रयोग आणि ऋग्वेदातील ‘अक्षित श्रवस्’ ह्यांतील साम्य आडाल्बेर्ट कून ह्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८५३ मध्ये दाखवून दिले. कीर्ती ही मुळातच श्रवणाची गोष्ट असल्याने, गायक आणि श्रोते नसतील तर तीही नाही.

ह्या ध्येयामागील तर्क बाराव्या सर्गात सार्पीडॉन स्पष्ट करतो. ह्या लढाईतून निसटून अमर होता आले असते, तर आपण पुढे होऊन लढलो नसतो. परंतु मृत्यू अटळ आहे, म्हणून लढावे, असे तो ग्लॉकसला सांगतो. मर्त्यता हीच येथे वीरत्वाची अट ठरते. नवव्या सर्गात अकिलीझ मात्र ह्या तर्कालाच आव्हान देतो. ट्रॉयपुढे मृत्यू व अक्षय कीर्ती किंवा घरी परतून दीर्घ, पण अप्रसिद्ध आयुष्य, असे दोन पर्याय त्याच्यापुढे आहेत. धन पुन्हा मिळविता येते, गेलेला प्राण परत येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. त्याची मनधरणी करण्यास आलेल्या दूतांना तो वीणेसारख्या वाद्यावर पूर्वीच्या वीरांचे पराक्रम गात बसलेला दिसतो. लढणे सोडलेला वीर स्वतःच गायक झाला आहे. पुढे तो रणात उतरतो, त्याला पट्रोक्लसच्या मृत्यूचा शोक कारणीभूत होतो.

अखेरच्या सर्गात वृद्ध राजा प्रायॅम हा हेक्टरचे शव मागण्यासाठी अकिलीझकडे येतो आणि पुत्रांचा वध करणाऱ्या त्या हातांचे चुंबन घेतो. त्याला पाहून अकिलीझला आपल्या पित्याची आठवण होते व दोघेही रडतात. प्रायॅमने अन्न घ्यावे म्हणून अकिलीझ त्याला सर्व अपत्ये गमावलेल्या नायोबीची कथा सांगतो. येथे कथा कीर्तीचे नव्हे, तर सांत्वनाचे साधन होते. ट्रॉयच्या पाडावाने नव्हे, तर शत्रुपक्षाच्या हेक्टरच्या अंत्यविधीने हे काव्य संपते.

कथनपद्धती : ही काव्ये मौखिक परंपरेतून आली आहेत. मिल्मन पॅरी (१९०२–३५) ह्या अमेरिकन विद्वानाने होमरमधील पुनरावृत्त विशेषणे व ठराविक पदबंध वृत्ताच्या गरजांशी निगडित असल्याचे दाखविले. १९३३–३५ ह्या काळात त्याने यूगोस्लाव्हियातील लोकगायकांची वीरगीते ध्वनिमुद्रित केली. त्याचा सहकारी ॲल्बर्ट लॉर्ड (१९१२–९१) ह्याने १९६० मध्ये ह्या संशोधनाचे फलित ग्रंथरूपाने मांडले. गायक काव्य पाठ करून म्हणत नाही. पारंपरिक पदबंध व प्रसंगांचे साचे वापरून तो गाताना त्याची रचना करतो, असा त्याचा आशय आहे.

तथापि साच्यांमुळे कथन यांत्रिक झालेले नाही. दहा वर्षांच्या युद्धातील केवळ काही आठवडे निवडून इलिअडने संपूर्ण युद्धाचा प्रत्यय दिला आहे; ह्या निवडीबद्दल ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्र ह्या ग्रंथात होमरची प्रशंसा केली आहे. जवळजवळ निम्म्या ओळी पात्रांच्या तोंडी आहेत. क्षणभर दिसून मरणाऱ्या सामान्य योद्ध्याचेही गाव, पिता वा पत्नी ह्यांचा उल्लेख करून कवी त्याच्या मृत्यूला वजन देतो.

ओडिसीत कथन हाच एक विषय झाला आहे. फीएशियन लोकांच्या राजसभेत डिमॉडोकस हा अंध गायक ओडिस्यूसच्याच विनंतीवरून लाकडी घोड्याची कथा गातो. स्वतःचा विजय ऐकताना ओडिस्यूस रडू लागतो आणि कवी त्याला धारातीर्थी पडलेल्या पतीच्या देहावर आक्रोश करणाऱ्या, दास्यात नेल्या जाणाऱ्या स्त्रीची उपमा देतो. जेत्याच्या अश्रूंत जितांचे दुःख दिसते. त्यानंतर नवव्या ते बाराव्या सर्गांत तो स्वतःच आपली कथा सांगतो. ‘कोणी नाही’ असे नाव सांगून तो पॉलिफीमसच्या तावडीतून सुटतो. पण निघताना कीर्तीच्या मोहाने आपले खरे नाव ओरडून सांगतो आणि पोसायडनचा कोप ओढवून घेतो. अधोलोकात भेटलेला अकिलीझ तर सर्व मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाकडे मजुरी करणे पत्करीन, असे म्हणतो. मात्र पुत्राच्या पराक्रमाची वार्ता ऐकून तोच आनंदाने निघून जातो. कीर्तीचे मोल आणि तिची अपूर्णता ह्या दोहोंचा प्रत्यय ह्या एकाच भेटीत येतो.

अथेन्समधील पॅनाथिनीआ उत्सवात ह्या काव्यांचे जाहीर पठन होत असे. वीरांचे अनावर शोक तरुणांना दुर्बल करतील, असा आक्षेप प्लेटोने घेतला. उलट, ह्या शोकामुळेच होमरचे वीर केवळ विजयाचे प्रतीक न राहता मर्त्य माणूस म्हणून ओळखीचे वाटतात. व्हर्जिलच्या ईनिडपासून पुढील यूरोपीय महाकाव्यांनी हाच वारसा आपापल्या परीने चालविला.