काजूच्या वाड्या, नाशिक जिल्ह्यातील
नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इ. डोंगराळ तालुक्यांत आदिवासी कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून आपल्या वरकस जमिनीत लावलेल्या काजू व आंबा यांच्या लहान बागा. ‘वाडी’ हा शब्द देशावर वस्ती या अर्थाने, तर कोकणात घरालगतची बाग या अर्थाने रूढ आहे. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. गुजरातीतही वाडी म्हणजे बागच, आणि ही पद्धत नाशिककडे आली ती गुजरातच्या बाजूने.

उष्ण हवामानात घराजवळ लावता येतील अशी कवचफळांची झाडे थोडीच आहेत. खरा बदाम व अक्रोड यांना हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी मिळावी लागते. ती न मिळाल्यास त्यांच्या कळ्या नीट फुटत नाहीत. निफाडच्या परिसरात हिवाळ्यातील काही रात्री पारा बराच खाली उतरतो, तथापि दिवस उबदार असल्यामुळे त्या थंडीने ही गरज भागत नाही. नाशिकमधील अंगणांत ‘बदाम’ म्हणून दाखविले जाते ते झाड देशी बदामाचे (लॅ. टर्मिनॅलिया कटापा) होय. त्याचा मगज खाण्याजोगा असतो. परंतु तो इतका लहान व त्याचे कवच इतके चिवट असते, की दगडाने ते फोडण्याचा खटाटोप बहुधा मुलेच करतात. चारोळी व बिब्बा हे वृक्ष या डोंगरांतील मूळचे. पण त्यांची फळे रानातून गोळा केली जातात, ती झाडे मुद्दाम कोणी लावत नाही. त्यांच्याच कुलातील (ॲनाकार्डिएसी) काजू मात्र परका असूनही लागवडीखाली आला.

काजूचे (लॅ. ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटेल) मूलस्थान ईशान्य ब्राझील. तेथील तुपी भाषेतील ‘अकाजू’ या नावावरून पोर्तुगीज ‘काजू’ व त्यावरून मराठी नाव आले. पोर्तुगीजांनी हे झाड सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. गार्सिया द ऑर्ता यांच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या औषधिविषयक ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. ख्रिस्तोव्हाँव द कोस्ता यांच्या १५७८ मधील ग्रंथात मात्र तो कोचीन येथील बागांत असल्याची नोंद आहे. म्हणजे भारतात काजूची पहिली ओळख होते ती रानातील नव्हे, तर बागेतील झाड म्हणून. पुढे तो गोवा व दक्षिण कोकणातील जांभ्याच्या उघड्या माळांवर आपोआप पसरला. बोंडूपासून गोव्यात फेणी होऊ लागली. बीचा मोठा व्यापार विसाव्या शतकात कोल्लम येथे कारखाने निघाल्यावरच सुरू झाला. शास्त्रीय नावाची एक गंमत अशी की, ‘ॲनाकार्डियम’ हे नाव पूर्वी युरोपातील औषधी व्यापारात बिब्ब्यास होते; लिनीअस यांनी ते काजूला दिले [⟶ बिब्बा].

बीपासून वाढविलेल्या काजूत एकसारखेपणा नसतो. शेजारशेजारच्या दोन झाडांत एक भरघोस फळते, तर दुसरे नुसते पानांनी गर्द होते. हा दोष दूर झाला तो मृदुकाष्ठ कलमांमुळे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ मध्ये स्थापन झाले व पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे (स्थापना १९७२) आले. तेथून वेंगुर्ला-४ (१९८१) व वेंगुर्ला-७ (१९९७) या संकरित जाती प्रसारित झाल्या. वेंगुर्ला-७ मध्ये बीच्या वजनाच्या सु. ३० टक्के गर मिळतो. अशी कलमे दोन-तीन वर्षांत फळू लागतात. ज्याच्या घरी पुढच्या हंगामापुरतीही शिल्लक नसते त्याच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक होय.

पेठ व सुरगाणा हा सह्याद्रीचा पश्चिमेकडे उतरत जाणारा भाग असून येथे कोकणा, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती आहे. सुरगाणा हे १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो व उन्हाळ्यात प्यायलाही पाणी मिळणे कठीण होते. नागली, वरई व खुरासणी ही येथील पिके. ती निघाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जाणे हा अनेक कुटुंबांचा परिपाठ. त्यामुळे मुलांच्या शाळेचाही खंड पडतो. जिल्ह्याच्या पूर्व भागातील द्राक्षाची कीर्ती सांगताना पश्चिम भागातील या मजुरांचा उल्लेख सहसा होत नाही.

मणिभाई देसाई (१९२०–९३) यांनी उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने १९८२ मध्ये सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरातमधील वांसदा भागात वाडीचा प्रयोग आरंभिला. तिच्याशी संलग्न ‘मित्र’ ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली व नाशिक येथून तिचे काम चालू लागले. एका कुटुंबाची वाडी साधारणतः एक एकराची. तीत आंबा व काजू यांची कलमे, मधल्या जागेत नेहमीची पिके आणि बांधावर इंधन व चारा देणाऱ्या झाडांचे जिवंत कुंपण अशी रचना असते. उतारावर आडवे चर खणून पाणी व माती अडवितात. पहिले दोन-तीन उन्हाळे कलमे जगविणे हे सर्वांत अवघड काम. हंड्यांनी पाणी आणून झाडाच्या बुडाशी घालावे लागते आणि ते बहुतांशी स्त्रियांनी केले आहे. राज्य शासनाने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग कार्यक्रम सुरू केल्यावर काजूच्या लागवडीस अनुदान मिळू लागले. पुढे २००३-०४ पासून नाबार्डने आदिवासी विकास निधीतून वाडी पद्धत देशाच्या इतर भागांत नेली.

काजूची जागा मात्र नीट निवडावी लागते. घाटाखालच्या उबदार उतारांवर तो चांगला येतो. थंडी व धुके टिकून राहणाऱ्या खोलगट जागी मोहोर करपतो. ढेकण्या हा कीटक कोवळ्या पालवीतील व मोहोरातील रस शोषतो, तर रोठा म्हणजे खोड पोखरणारी अळी मोठे झाडही मारते. बी फोडणे हे घरगुती काम वाटते, पण तसे ते नाही. कवचातील तेल दाहक असून हाताची कातडी सोलते. बी प्रथम भाजावी किंवा वाफवावी लागते. ही सोय जवळ नसल्यास शेतकरी कच्ची बी व्यापाऱ्यास विकतो आणि गराच्या किमतीचा मोठा हिस्सा गावाबाहेर जातो. वांसदा भागात सहकारी प्रक्रिया केंद्रे निघाली ती याच कारणाने.

झाड दीर्घायुषी, पण त्याखालची जमीन कोणाची, हा या भागातील जुना प्रश्न आहे. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात; सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे शासकीय फळबाग योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. परिणामी अगोदरच थोडी फार जमीन नावावर असलेल्यांना वाडीचा लाभ झाला व भूमिहीन बाजूस राहिले, ही या योजनेची खरी मर्यादा होय. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, परंतु दाव्यांची अंमलबजावणी रेंगाळली. ६ ते १२ मार्च २०१८ या काळात नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चाची ही एक प्रमुख मागणी होती आणि त्यात सुरगाणा-पेठ भागातील लोक मोठ्या संख्येने होते.

सुरुवातीच्या वाड्यांतील झाडे आता पंचविशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या फांद्या एकमेकींत अडकून खाली ऊन पोहोचत नाही, मधली पिके बंद होतात व रोठ्याचा उपद्रव वाढतो. अशा झाडांची खोडे जमिनीपासून सु. अर्धा ते एक मी. वर कापून नव्या फुटव्यांवर सुधारित जातींची कलमे बांधतात. त्यानंतर उत्पन्न पुन्हा सुरू होण्यास सु. दोन ते तीन वर्षे लागतात.