सुपरमार्केट कामगारांची सेवासमाप्ती व बेरोजगारी भत्ता : पुणे शहरातील वाद

सुपरमार्केट आणि साखळी किराणा दुकानांत बिलिंग काउंटर सांभाळणाऱ्या, रॅकवर माल लावणाऱ्या किंवा गोदामात काम करणाऱ्या कामगाराला कामावरून कमी केल्यानंतर ती सेवासमाप्ती कायदेशीर होती का, तिच्यापोटी मालकाने किती रक्कम द्यावयाची आणि कामाविना काढलेल्या दिवसांसाठी विम्यातून भत्ता मिळतो का, या प्रश्नांवरून उद्भवणारे वाद या नोंदीत पुणे शहराच्या संदर्भात विचारात घेतले आहेत. कामगाराचा शेवटचा दिवस कोणत्या शब्दाखाली नोंदवला गेला, राजीनामा, गैरवर्तनाबद्दल बडतर्फी की कामगार कपात, यावर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अवलंबून असतात आणि तो शब्द लिहिणारा हात बहुधा मालकाचा असतो.

पेठांमधल्या किराणा दुकानात मालक व नोकर समोरासमोर असत. लष्कर भागातील डोराबजी किंवा टिळक रस्त्यावरील ग्राहक पेठ यांसारख्या स्थानिक मोठ्या दुकानांच्या जोडीला देशभर पसरलेल्या साखळ्या शहरात आल्यावर हे नाते बदलले. एकाच छताखाली काही कामगार कंपनीच्या पटावर, काही मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या पटावर, तर काही एखाद्या साबणाच्या किंवा चहाच्या कंपनीने नेमलेले ‘प्रमोटर’ म्हणून उभे असतात. त्यामुळे ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले गेले, तर ते सांगणारा कायद्याने मालक आहे का, येथूनच वादाला सुरुवात होते.

मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला ३० दिवसांची, तर तीन महिन्यांहून अधिक पण वर्षाहून कमी नोकरी झालेल्याला १४ दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार देणे बंधनकारक होते. गैरवर्तनाच्या प्रकरणात मात्र नोटिशीची गरज नव्हती. त्याच्या जागी १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या नव्या दुकाने कायद्यात सेवासमाप्तीच्या नोटिशीचे असे कलम ठेवले गेले नाही आणि कायद्याच्या मुख्य तरतुदी १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या मर्यादित झाल्या. २०२५ मध्ये अध्यादेशाद्वारे ही मर्यादा २० पर्यंत नेण्यात आली. नोटिशीचे कलम जाणे ही दुकान कामगाराच्या दृष्टीने मोठी हानी होती, कारण साध्या भाषेत लिहिलेला आणि दुकाने निरीक्षकाकडे बोट दाखवून मागता येणारा हक्क त्याच्या हातून गेला.

उरला तो औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, तसेच नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे, असे त्याचे कलम २५-फ सांगत असे. २४० चा आकडा गाठण्याआधी कामगाराला काही दिवस घरी बसवून पुन्हा नव्याने घेण्याची, म्हणजे ‘ब्रेक देण्याची’, पद्धत या तरतुदीतूनच फोफावली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यावर १९४७ चा कायदा संपला. भरपाईचे सूत्र कायम राहिले, मात्र दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. ठरावीक मुदतीच्या कराराचे नूतनीकरण न होणे ही या संहितेत कपात मानलेली नाही, आणि हंगामाच्या हिशेबाने माणसे घेणाऱ्या दुकानांत याचा परिणाम सर्वाधिक जाणवणारा आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या वेतन संहितेने राजीनामा असो वा बडतर्फी, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले. ‘फुल अँड फायनल’ नावाने महिनोन्‌महिने रखडणाऱ्या हिशेबाला हे उत्तर आहे.

महाराष्ट्रातील कामगाराला आणखी एक मार्ग मिळाला तो कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या राज्य कायद्याने. सूडबुद्धीने, खोट्या आरोपात गुंतवून किंवा उघडपणे खोट्या कारणासाठी कामावरून काढणे ही या कायद्यानुसार अनुचित प्रथा ठरते आणि तिच्याविरुद्ध ९० दिवसांच्या आत कामगाराला थेट कामगार न्यायालयात तक्रार नेण्याची मुभा त्याने दिली. वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे हेही त्याच अनुसूचीत येते. मात्र ठेकेदारी कामगारांना हा दरवाजा फारसा उघडलेला नाही. पुण्याच्या कल्याणी स्टील्समधील उपाहारगृह कामगारांच्या प्रकरणात आणि सिप्ला कंपनीच्या प्रकरणात, २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल तर ते आधी अन्य मार्गाने सिद्ध झाले पाहिजे. याच शहराच्या मार्केट यार्डात धान्याचे पोते उचलणारा हमाल १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळात नोंदलेला असल्याने एका व्यापाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो. तेच धान्य पिशवीबंद होऊन सुपरमार्केटच्या रॅकवर येते तेव्हा ते लावणाऱ्याला असे कोणतेही मंडळ नसते.

मालकांच्या बाजूचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे गल्ल्यातील तफावत, मालमोजणीतील तूट किंवा चोरीचा संशय. पैसे हाताळणाऱ्या नोकरीत रक्कम किती, यापेक्षा विश्वास उडाला हे महत्त्वाचे, अशी भूमिका न्यायालयांनी एसटी वाहकांसारख्या प्रकरणांत वारंवार घेतली आहे. परंतु त्यासाठी आरोपपत्र, चौकशी आणि कामगाराला बाजू मांडण्याची संधी लागते. ही खटपट टाळण्यासाठी कामगाराला खोलीत बसवून पोलिसांत देण्याची भीती घालत राजीनामा लिहून घेतला जातो, असा आक्षेप अशा तक्रारींत येतो, आणि तो सिद्ध करण्याचा भार कामगारावर पडतो. सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरल्यास मागील पगारासह पुनःस्थापना हा सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या दीपाली गुंडू सुरवसे या महाराष्ट्रातीलच प्रकरणात सांगितले. मात्र आपण दरम्यान बेकार होतो, हे कामगाराने प्रथम मांडावे लागते.

बेरोजगारी भत्ता मिळतो तो कर्मचारी राज्य विमा योजनेतून. २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेले कामगार तीत येतात. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कपात किंवा आस्थापना बंद होणे अशा कारणांपुरती आहे. १ जुलै २०१८ पासूनच्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेने नोकरी गेलेल्या विमाधारकाला आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत, सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम देऊ केली. करोनाच्या काळात हा दर ५० टक्के झाला, प्रतीक्षा ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आली आणि मालकाच्या शिफारशीशिवाय शाखा कार्यालयात थेट दावा करण्याची सोय झाली. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराला पहिल्या दराने सुमारे ११ हजार, तर दुसऱ्या दराने सुमारे २२ हजार रुपये मिळू शकतात. घरभाडे आणि मुलांची फी डोक्यावर असताना या रकमेला मोल असते.

हा भत्ता गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला आणि स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला मिळत नाही. राजीनामा लिहून दिलेल्याला आपली बेकारी लादलेली होती हे दाखवणे कठीण जाते. मासिक वर्गणी भरताना मालकाला शून्य दिवस काम केलेल्या कामगारापुढे यादीतून कारण निवडावे लागते, आणि त्या यादीत ‘नोकरी सोडली’, ‘कपात’ व ‘काम नाही’ ही कारणे वेगवेगळी आहेत. घाईत किंवा हेतुपुरस्सर निवडलेले पहिले कारण बिबवेवाडीच्या पंचदीप भवनातील विमा कार्यालयापर्यंत पोहोचते आणि तेथे अडलेला कामगार कारण दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा त्याच दुकानाच्या व्यवस्थापकाकडे पाठवला जाण्याची शक्यता राहते. अमेरिकेत मालकांचा बेरोजगारी कर त्यांच्या कामगारांच्या दाव्यांनुसार वाढतो, म्हणून ते भत्त्याला हिरिरीने विरोध करतात; भारतीय मालकाचा खर्च या दाव्यामुळे एक रुपयानेही वाढत नाही. तरीही कपात मान्य केली की भरपाई देणे आले, या भीतीने तो शब्द टाळला जातो आणि कामगार दोन्हीला मुकतो. विमा महामंडळाने मालकाची नोंद अंतिम न मानता कामगाराचे म्हणणे स्वतंत्रपणे तपासणे, हा यावरचा न्याय्य उपाय होय.

कंपनीच बुडाली तर वादाचे स्थान बदलते. पुण्यातही दुकाने असलेल्या बिग बझारची मालक कंपनी फ्यूचर रिटेल हिच्याविरुद्ध जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची कार्यवाही सुरू केली आणि २०२४ मध्ये अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश दिला. व्यवसाय चालू ठेवला नसेल तर असा आदेश हीच कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची नोटीस मानली जाते. कायद्यात ‘कामगार’ ठरणाऱ्यांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने मोजली जातात, तर पर्यवेक्षक व व्यवस्थापकांचा फक्त १२ महिन्यांचा पगार आणि तोही कामगार व बँका यांच्यानंतरच्या क्रमाने. म्हणून फ्लोअरवर माल लावणाऱ्याला पदनामात ‘टीम लीडर’ म्हटले होते की नाही, यावरून त्याची रांगेतली जागा ठरू नये, तर तो प्रत्यक्ष करत असलेल्या कामावरून ठरावी.